व्यापारबंदी मागण्यापूर्वी गोव्याची नाकेबंदी आठवावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात अलीकडे एक मागणी वारंवार वाचायला मिळते. एखाद्या देशाने भारताविरुद्ध भूमिका घेतली, की त्याच्याशी असलेला व्यापार तातडीने तोडावा, त्याच्या नाड्या आवळाव्यात आणि त्याला वठणीवर आणावे, असे अनेक पत्रलेखक कळकळीने लिहितात. पहलगामच्या हत्याकांडानंतर मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तानातून होणारी सर्व आयात बंद केली, त्याच महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचे सफरचंद घेणे थांबवले, आणि तेव्हापासून या मागणीला जोर आला आहे. त्यामागचा संताप मी समजू शकतो. तो माझ्याही मनात आहे. परंतु व्यापारबंदीचा घाव नेमका कोणावर पडतो, याचा अनुभव महाराष्ट्र आणि गोवा यांच्या सीमेवरच्या घरांनी सहा-सात वर्षे घेतलेला आहे, आणि या चर्चेत त्याचा उल्लेख कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे घर सावंतवाडी तालुक्यात, बांद्याजवळ आहे. आईचे माहेर पेडणे महालातले. या दोन गावांमध्ये पूर्वी दोन राज्यांचीच नव्हे, तर दोन देशांची सीमा होती. १९५० साली भारताने गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगालकडे वाटाघाटींची मागणी केली. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापारचा प्रांत आहे, अशी भूमिका घेऊन तिथले हुकूमशहा सालाझार यांच्या सरकारने बोलणी करायलाच नकार दिला. १९५३ साली भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ पासून माणसांच्या आणि मालाच्या ये-जा करण्यावर बंधने येऊ लागली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह अनेक ठिकाणांहून निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर भारताने पणजीतली आपली कचेरी बंद केली, कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे थांबली, आणि जमिनीवरून गोव्यात जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या मालाला अडसर लागला. यालाच आमच्याकडची जुनी माणसे नुसते ‘नाकेबंदी’ म्हणत.

नाकेबंदीमागचा हिशेब वरवर पाहता बिनचूक होता. गोव्याची लोकसंख्या जेमतेम साडेपाच-सहा लाखांची. तिथे पिकणारा तांदूळ तिथल्या लोकांना वर्षभर पुरत नसे. तांदूळ, भाजीपाला आणि कापड घाटावरून आणि कोकणातून जात असे. निर्यातीपेक्षा आयात कितीतरी जास्त होती, आणि ही तूट भरून निघे ती मुंबईत काम करणाऱ्या हजारो गोमंतकीयांनी घरी पाठवलेल्या पैशांतून. धोबीतलावच्या आसपासच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गोमंतकीयांच्या सामायिक वसतिघरांमध्ये, राहून जहाजांवर चढणारे तारवटी, गिरण्यांतले कामगार, आचारी, वाजंत्री, कारकून, या सगळ्यांच्या कमाईवर गावोगावच्या चुली पेटत होत्या. तेव्हा माल आणि पैसा असे दोन्ही प्रवाह रोखले, की पोर्तुगीज सत्तेला गोवा पोसणे अशक्य होईल आणि ती स्वतःहून बोलणी करायला येईल, अशी अपेक्षा होती. रक्तपात टाळून गोवा मुक्त व्हावा, ही त्यामागची इच्छा प्रामाणिक होती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मुक्तिलढ्यातले अनेक कार्यकर्ते तर याहूनही कडक उपाय मागत होते.

मी त्या वेळी तीन-चार वर्षांचा होतो, त्यामुळे पुढे सांगतो ती आठवण माझी नाही, आईची आहे. ती सांगे, की पूर्वी माहेरी जायचे म्हणजे सकाळची पेज घेऊन निघायचे आणि दुपारच्या जेवणाला तिकडे पोचायचे. नाकेबंदीनंतर त्याच वाटेसाठी इकडचा परवाना आणि तिकडची परवानगी असे दोन कागद लागू लागले, आणि अर्ज केला तरी ते वेळेवर हाती पडतील याचा भरवसा नसे. माझा थोरला मामा मुंबईला गिरणीत कामाला होता आणि दर महिन्याला आजीला मनिऑर्डर करत असे. ती मनिऑर्डर बंद झाली. त्यानंतर चोरवाटेने पलीकडे जाणारा एखादा ओळखीचा माणूस भेटला तर त्याच्या हाती पैसे जात आणि तो त्यातला आपला हिस्सा काढून उरलेले आजीला देई. कधी काहीच पोचत नसे. हाच मामा मुंबईत गोवामुक्तीच्या सभांना न चुकता जात होता. ज्या राजवटीविरुद्ध तो घोषणा देत होता, तिच्या गव्हर्नराच्या ताटातला एक घासही नाकेबंदीने कमी झाला नाही. कमी झाला तो त्याच्या आईच्या ताटातला. आजी १९६० च्या पावसाळ्यात गेली, तेव्हा परवाना हाती येईपर्यंत तिचे तेरावेही उरकले होते. माझ्या आईने याबद्दल कधी कोणाला दोष दिला नाही. पण ‘नाकेबंदी’ हा शब्द निघाला की ती गप्प होत असे, एवढे मी पाहिले आहे.

आता पलीकडे सत्तेचे काय झाले ते पाहावे. भारताने जमिनीची दारे लावली, पण मुरगावचे बंदर उघडेच होते. पाकिस्तान आणि ब्रह्मदेशातून तांदूळ, हॉलंडमधून बटाटे, सिलोनमधून चहा, जपानमधून सिमेंट अशी आयात समुद्रमार्गे सुरू झाली. १९५५ मध्येच दाबोळीचा विमानतळ उभा राहिला आणि पोर्तुगीज हिंदची स्वतःची विमानसेवा निघून तिची विमाने कराचीला जाऊ लागली. या सगळ्याचे पैसे कुठून आले? डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांतल्या डोंगरांतून. महायुद्धातून सावरणाऱ्या जपानला आणि पश्चिम जर्मनीला पोलादासाठी लोहखनिज हवे होते. गोव्यातले खनिज बार्जींमधून मांडवी आणि जुवारी नद्यांवाटे मुरगावला आणि तिथून जहाजांत चढू लागले. नाकेबंदीच्या वर्षांत ही निर्यात कित्येक पटींनी वाढली. परकीय चलन हाती आल्यावर पणजी आणि मडगावच्या दुकानांत परदेशी घड्याळे, नायलॉनचे कापड आणि विलायती मद्य दिसू लागले, आणि त्यातला बराच माल रात्रीच्या वेळी याच सीमेवरून उलट दिशेने आमच्या बाजूला उतरू लागला. चोरटा व्यापार करणाऱ्यांना असे सुगीचे दिवस त्यापूर्वी कधी आले नव्हते. खाणमालक, आयातीचे परवाने मिळवणारे व्यापारी आणि तस्कर या तिघांना नाकेबंदी फळली; ज्यांच्याकडे खाण नव्हती, परवाना नव्हता आणि रात्री ओझे उचलून धावण्याची ताकद नव्हती, त्यांनी तिची किंमत मोजली.

राजकीय पातळीवरही पोर्तुगालने तिचा उपयोग करून घेतला. भारत निरपराध लोकांची उपासमार करू पाहतो आहे, असा प्रचार लिस्बनहून सातत्याने होत राहिला. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, आणि त्याच महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा ‘प्रांत’ असाच झाला. नाकेबंदीने गोव्याचा कारभार पोर्तुगालला महाग पडू लागला, हे खरे आहे, कारण सैन्य ठेवण्याचा खर्च वाढला होता. परंतु महाग पडतो म्हणून सालाझार यांनी गोवा सोडला नाही. तो सुटला डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्याच्या सुमारे दोन दिवसांच्या कारवाईने. सहा-सात वर्षांच्या कोंडीने जे साधले नव्हते, ते दोन दिवसांत झाले. मधली वर्षे मात्र आजीसारख्या लोकांच्या पदरी पडली.

याचा अर्थ व्यापार तोडणे नेहमीच निरर्थक असते, असे मला म्हणायचे नाही. याच भारताने १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आणि असे करणारा तो जगातला पहिला देश होता. तिथल्या सरकारने हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर बंधने घालणारा कायदा केला होता. भारताच्या निर्यातीत दक्षिण आफ्रिकेचा वाटा त्या वेळी पाच टक्क्यांच्या आसपास होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या गरीब देशाने ते नुकसान पत्करले. त्यानंतर प्रिटोरियातली राजवट नरमली नाही. उलट १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर येऊन वर्णभेद अधिकच कायद्यात बांधला गेला. भारताची बंदी मात्र १९९३ पर्यंत टिकली. ती टिकू शकली, कारण तिच्याकडून कोणी महिन्या-दोन महिन्यांत फळाची अपेक्षा केली नव्हती. अन्यायाच्या पैशाला आम्ही हात लावणार नाही, असा तो निषेध होता. शिवाय ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांचे नेते स्वतःच जगाला सांगत होते, की आमच्या देशाशी व्यवहार करू नका, त्याची झळ आम्ही सोसू. १९७७ साली सुरक्षा परिषदेने शस्त्रपुरवठ्यावर सक्तीची बंदी घातली, १९८५ मध्ये मोठ्या परदेशी बँकांनी कर्जांची मुदत वाढवून द्यायला नकार दिला, १९८६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून निर्बंधांचा कायदा केला, आणि तेव्हा कुठे राजवटीला आणि तिथल्या गोऱ्या उद्योगपतींना खरी झळ जाणवू लागली. सप्टेंबर १९९३ मध्ये नेल्सन मंडेला यांनी स्वतः संयुक्त राष्ट्रांसमोर जाऊन, आता निर्बंध उठवा, असे सांगितले. कोणाच्या मागणीवरून निर्बंध सुरू झाले आणि कोणाच्या शब्दावर ते संपले, हे तिथे स्पष्ट होते. पेडण्यातल्या माणसाला सुरुवातही कोणी विचारली नाही आणि शेवटही.

म्हणून मला वाटते, की निषेध म्हणून केलेली व्यापारबंदी आणि दबाव म्हणून केलेली व्यापारबंदी यांत आपण फरक करायला शिकले पाहिजे. निषेधाची किंमत मुख्यतः निषेध करणारा मोजतो आणि त्याचे यश निकालावरून ठरत नाही. दबावाची किंमत दुसऱ्या देशातली सामान्य माणसे मोजतात. तिथे निकाल आला नाही, तर त्या किमतीचे समर्थन कशाच्या आधारावर करायचे? इराकमध्ये हा प्रश्न अत्यंत क्रूर रूपात उभा राहिला. कुवेतवरच्या आक्रमणानंतर ऑगस्ट १९९० मध्ये लागलेले निर्बंध मे २००३ पर्यंत चालले. औषधे आणि अन्न यांना कागदोपत्री सूट होती, पण पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचे सुटे भागसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीच्या मंजुरीसाठी अडकून राहत. डिसेंबर १९९६ मध्ये ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना सुरू होईपर्यंत सहा वर्षे गेली होती. तिथे संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी काम पाहणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० साली या धोरणाचा निषेध करून राजीनामे दिले. सद्दाम हुसेन यांची पकड मात्र सैल झाली नाही, कारण घराघरांत पोचणारे धान्य त्यांच्याच सरकारच्या शिधापत्रिकेवर मिळत होते. अन्नाची टंचाई झाली की अन्न वाटणाऱ्याची सत्ता वाढते, ही साधी गोष्ट निर्बंध लादणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, याचे मला नवल वाटते. क्युबावरची अमेरिकेची बंदी १९६२ पासून चालू आहे, आणि जी राजवट हटवण्यासाठी ती लागली, तिने त्यानंतरचे अनेक अमेरिकी राष्ट्राध्यक्ष पाहिले.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण नेपाळचे आहे, आणि ते लिहिताना मला संकोच वाटतो, पण ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले, तेव्हा भारताने दोन वगळता नेपाळच्या मालवाहतुकीचे सगळे मार्ग बंद केले. त्यानंतर वर्षभराने तिथली ‘पंचायत’ नावाची, राजाच्या हाती सत्ता असलेली पक्षविरहित राजवट लोकांच्या आंदोलनापुढे झुकली, म्हणून ती कोंडी यशस्वी झाली, असे काही जण मानतात. माझ्या मते ते श्रेय रस्त्यावर उतरलेल्या नेपाळी जनतेचे आहे. २०१५ चे उदाहरण तर अजून ताजे आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भूकंपाने नेपाळ उद्ध्वस्त झाला होता. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना लागू झाली, तीत आपल्यावर अन्याय झाल्याची तराईतल्या मधेशी समाजाची भावना होती, आणि त्यांच्या आंदोलनाच्या काळात रक्सौल-वीरगंज नाक्यावरून जाणारे इंधन आणि माल पुढचे चार-साडेचार महिने अडून राहिला. आम्ही नाकेबंदी केलेली नाही, असे भारत सरकारने सांगितले, परंतु बहुतेक नेपाळी नागरिकांनी ते मानले नाही. स्वयंपाकाचे सिलिंडर अर्धे भरून वाटण्याची वेळ आली. हिवाळ्याच्या तोंडावर पाच वर्षांखालील तीस लाखांहून अधिक बालकांना धोका आहे, असा इशारा युनिसेफने दिला. मधेशींची तक्रार रास्त होती, असे मी आजही मानतो. पण मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनमार्गे मालवाहतुकीचा करार करून आले. पुढच्याच वर्षी निवडणुकीत त्यांच्या आघाडीला मोठा विजय मिळाला. पेडण्यासाठी मुरगावचे बंदर उघडे होते, काठमांडूने उत्तरेचे दार ठोठावले.

नाशिककडच्या कांदा उत्पादकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातल्या निर्यातबंदीचा हेतू देशातले भाव आवरण्याचा होता, कोणावर दबाव आणण्याचा नव्हता. तरीही ज्यांना आपला कांदा मिळेना, त्या देशांनी दुसरीकडून तो घेतला, आणि हातचा गेलेला ग्राहक अधिसूचना मागे घेतल्याबरोबर परत येत नाही, हे लासलगावच्या आवारात कोणीही सांगेल.

पाकिस्तानविषयी माझे म्हणणे स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर भारताने विशेष व्यापारी दर्जा काढून घेतला आणि तिकडच्या मालावर दोनशे टक्के शुल्क लावले. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार स्थगित केला. म्हणजे २०२५ च्या बंदीच्या वेळी तोडण्यासारखे फारसे उरलेलेच नव्हते. ज्या देशाशी व्यवहारच नाही त्याच्यावर व्यापाराचा दबाव आणता येत नाही. ही बंदी निषेध आहे, आणि निषेध म्हणून मी तिचे समर्थन करतो. सव्वीस निरपराध माणसांच्या हत्येनंतर तेवढे तरी करणे भाग होते. अटारी नाका बंद झाल्यावर अडकून पडलेल्या अफगाण मालाच्या ट्रकांना नंतर येऊ दिले, हेही योग्यच झाले. मात्र या बंदीने तिकडचे लष्करी नेतृत्व धोरण बदलेल, असे जे पत्रलेखक लिहितात, त्यांनी तसे का होईल हेही सांगावे.

केंद्र सरकारला परकीय व्यापारविषयक १९९२ च्या कायद्याने कोणत्याही देशाशी असलेली आयात-निर्यात एका अधिसूचनेने थांबवण्याचा अधिकार दिलेला आहे. तो असलाच पाहिजे. परंतु राजकीय कारणासाठी तो वापरला जाईल तेव्हा समोरच्या देशाकडून नेमके काय हवे आहे, काय घडले म्हणजे बंदी उठेल, आणि भारतातल्या कोणत्या शेतकऱ्यांचे व व्यापाऱ्यांचे त्यात नुकसान होणार आहे, हे सरकारने संसदेत सांगावे, आणि दर सहा महिन्यांनी तिच्या परिणामांचे निवेदन करावे, अशी मागणी आपल्या खासदारांनी केली पाहिजे. अन्न आणि औषधे यांना सूट असावी, हे आता सगळेच मान्य करतात. माझी विनंती आणखी दोन गोष्टींसाठी आहे: परदेशी कमावणाऱ्याने आपल्या घरी पाठवलेला पैसा आणि आजारपणात किंवा मृत्यूच्या वेळी जवळच्या नातेवाइकांना सीमा ओलांडण्यासाठी लागणारा परवाना. या दोन गोष्टी बंदीतून पहिल्या दिवसापासून वगळाव्यात, आणि तसे अधिसूचनेतच लिहावे, म्हणजे कोणाला परवान्यासाठी कचेरीच्या दारात ताटकळावे लागणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
बांदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग